नैसर्गिक प्रकाशाची दिशा आणि अंतर्गत रंगनिवड : महाराष्ट्रातील निवासस्थानांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : खोलीच्या भिंतींना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न बहुधा आवडीचा किंवा फॅशनचा समजला जातो. प्रत्यक्षात भिंतीवरील रंग कसा दिसेल हे त्या खोलीत येणारा प्रकाश ठरवितो आणि तो प्रकाश खिडकीच्या दिशेनुसार, ऋतूनुसार व समोरील परिसरानुसार बदलतो. या विषयावरील प्रचलित नियम प्रामुख्याने समशीतोष्ण कटिबंधातील देशांत तयार झाले आहेत. महाराष्ट्राच्या अक्षांशावर ते कितपत लागू पडतात आणि त्यांत कोणते बदल आवश्यक आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : नैसर्गिक प्रकाश, दिशा, रंगमूल्य, परावर्तन, अक्षांश, गृहसजावट.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. निवाऱ्याची गरज भागल्यानंतर तो राहण्यास सुखकर, कामास सोयीचा आणि डोळ्यांस प्रसन्न वाटावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. गृहसजावटीच्या साधनांपैकी रंग हे सर्वाधिक क्षेत्र व्यापणारे साधन होय. १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच अशा साध्या खोलीचा विचार केला, तर दार-खिडकी वगळूनही भिंती व छत यांचे एकत्रित क्षेत्रफळ जमिनीच्या चौपटीहून अधिक भरते. म्हणजेच खोलीत डोळ्यांना जे दिसते त्यातील फार मोठा भाग रंगाचा असतो. मध्यमवर्गीय कुटुंबात रंगकाम काही वर्षांतून एकदाच होते. निवड चुकली तर ती पुढील कित्येक वर्षे सोसावी लागते आणि दिवसाही दिवे लावण्याच्या खर्चाच्या रूपाने तिची किंमत मोजावी लागते.

गृहअर्थशास्त्राच्या अध्यापनात रंगनिवडीचा एक नियम सर्वत्र आढळतो. उत्तरेकडील खोलीस उष्ण रंग व दक्षिणेकडील खोलीस शीत रंग द्यावेत, असा तो नियम होय. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून फक्त आकाशाचा निळसर प्रकाश येतो, अशी त्यामागची भूमिका आहे. ही भूमिका शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. मात्र ती युरोप व उत्तर अमेरिकेच्या अक्षांशांवर जशी लागू पडते तशीच्या तशी महाराष्ट्रात लागू पडत नाही.

उद्दिष्टे

१. प्रकाश व रंग यांच्या परस्परसंबंधातील मूलभूत संकल्पना स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्राच्या अक्षांशावर चार दिशांच्या खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशाचे स्वरूप समजून घेणे.
३. त्या आधारे रंगनिवडीची व्यवहार्य पद्धत सुचविणे.

प्रकाश आणि रंग : मूलभूत संकल्पना

भिंतीचा रंग हा केवळ भिंतीचा गुणधर्म नाही. भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशातील काही तरंगलांबी शोषल्या जातात आणि उरलेल्या परावर्तित होऊन डोळ्यांपर्यंत पोहोचतात. प्रकाशातच एखादी तरंगलांबी कमी असेल तर भिंत ती परत देऊ शकत नाही. म्हणून एकच बदामी रंग सकाळी उबदार आणि ढगाळ दुपारी मातकट दिसतो.

प्रकाशाचा वर्ण केल्विन या एककात, म्हणजेच वर्णतापमानात सांगितला जातो. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळचा प्रकाश साधारणतः २००० ते ३००० केल्विनचा, म्हणजे तांबूस-पिवळा असतो. माध्यान्हीचा थेट सूर्यप्रकाश ५५०० केल्विनच्या आसपास, पूर्ण ढगाळ आकाशाचा प्रकाश ६५०० केल्विनच्या आसपास, तर निरभ्र निळ्या आकाशाचा प्रकाश १०,००० केल्विनहूनही अधिक असू शकतो. येथे आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. कारण 'तापमान' या शब्दामुळे नेमका उलटा समज होतो.

रंगाचे वर्णन करताना अमेरिकन चित्रकार व अध्यापक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली मांडलेली पद्धती आजही उपयुक्त आहे. रंगाचे नाव, रंगाचे मूल्य म्हणजे त्याचा उजळपणा किंवा गडदपणा आणि रंगाची तीव्रता अशी तीन परिमाणे तीत मानली आहेत. सामान्यतः ग्राहक केवळ रंगाच्या नावावर चर्चा करतो. परंतु खोली उजळ राहील की अंधारी होईल हे प्रामुख्याने मूल्यावर अवलंबून असते.

मंद प्रकाशात डोळ्यांची वर्णसंवेदना बदलते, हीदेखील महत्त्वाची बाब आहे. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे निरीक्षण नोंदविले की, प्रकाश कमी होत जातो तसे तांबडे रंग लवकर काळवंडतात, तर निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ राहतात. अपुऱ्या प्रकाशाच्या खोलीत दिलेला विटकरी किंवा गडद मरून रंग तिन्हीसांजेला काळपट का भासतो, याचे उत्तर यात मिळते.

महाराष्ट्राचा सूर्य

महाराष्ट्र हे राज्य सर्वस्वी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून येथे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. 'शून्य सावली दिवस' म्हणून ओळखला जाणारा हा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३ मेच्या सुमारास, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास येतो आणि जुलैमध्ये किंवा ऑगस्टच्या प्रारंभी पुन्हा एकदा येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे नसून किंचित उत्तरेकडे असतो.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे माध्यान्हीच्या सूर्याची उंची क्षितिजापासून सुमारे ४८ अंश असते. याच दिवशी ५१.५ अंश अक्षांशावरील लंडनमध्ये ती केवळ १५ अंश असते. या फरकाचा खोलीवरील परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. दक्षिणेकडील खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून २.१ मीटर उंच आहे आणि वर छज्जा नाही असे मानले, तर लंडनमध्ये त्या दिवशी दुपारचे ऊन खोलीत सुमारे ७.८ मीटर आत, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचेल. पुण्यात ते सुमारे १.९ मीटरवर थांबेल. मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी पुण्यात हेच अंतर सुमारे ०.७ मीटर भरते आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आतच येत नाही.

सूर्योदयाची जागाही लक्षात घेतली पाहिजे. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. २१ जूनच्या सुमारास पुण्यात हा कल सुमारे २५ अंशांचा असतो. त्यामुळे 'उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही' हे विधान आपल्याकडे फक्त हिवाळ्यापुरते पूर्ण सत्य आहे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही डोकावते.

दिशानिहाय विवेचन

अ) उत्तर : उत्तरेचा प्रकाश सर्वांत स्थिर व सावल्या न पाडणारा असतो. मुंबईतील कापड गिरण्यांच्या विणकाम विभागांवर करवतीच्या दात्यांसारखी छपरे घालून उत्तरेचाच प्रकाश आत घेतला जाई. धाग्यातील दोष दिवसभर सारख्या उजेडात दिसावेत, हा त्यामागील हेतू होता. घरातही अभ्यास, शिवणकाम व चित्रकलेसाठी ही खोली उत्तम. येथे शुद्ध पांढरा किंवा निळसर करडा रंग हिवाळ्यात थंड व फिका दिसतो. म्हणून मोतिया, हस्तिदंती, फिकट बदामी अशा किंचित पिवळसर छटा योग्य ठरतात. परंतु युरोपीय पुस्तकांतील शिफारशीप्रमाणे गडद पिवळा किंवा नारिंगी वापरण्याची गरज आपल्याकडे नाही. कारण येथील निरभ्र आकाश स्वतःच पुरेसे उजळ असते आणि उन्हाळ्यात त्या रंगांचा जाच होतो.

आ) पूर्व : सकाळचे सोनेरी ऊन आणि दुपारनंतर आकाशाचा सौम्य प्रकाश, असे दोन स्वभाव या खोलीत असतात. ही खोली कोणत्या वेळी वापरली जाते, हा येथे निर्णायक प्रश्न होय. सकाळी वापरात असलेल्या स्वयंपाकघरास फिकट पिस्ता किंवा निळसर पांढरा रंग चालतो, कारण ऊन त्यास ऊब देते. तीच खोली दुपारनंतर अभ्यासाची असेल तर किंचित उबदार पांढरा अधिक सुखावह होतो.

इ) दक्षिण : हिवाळ्यात भरपूर व समतोल, तर उन्हाळ्यात अप्रत्यक्ष असा प्रकाश येथे मिळतो. रंगांच्या दृष्टीने ही सर्वांत उदार दिशा म्हणावी लागेल. मध्यम मूल्याचे रंगही येथे निभावतात. युरोपात दक्षिणेची खोली वर्षभर उन्हाने न्हालेली असते, म्हणून तेथे शीत रंगांचा आग्रह धरला जातो. आपल्याकडे छज्जा असलेल्या दक्षिणेच्या खोलीत तसा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही.

ई) पश्चिम : महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने काळजीपूर्वक हाताळावयाची दिशा ही आहे. दुपारी तीननंतर खाली उतरलेले ऊन छज्जा अडवू शकत नाही. ते खोलवर शिरते व सूर्यास्ताकडे तांबूस होत जाते. पीच, अबोली, नारिंगी हे रंग या प्रकाशात भडक वाटतात. फिकट करडा, अस्मानी किंवा किंचित हिरवट पांढरा रंग ती तांबूस झाक सौम्य करतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरील भिंतीस चकचकीत ऑइल पेंट दिल्यास तिरीप डोळ्यांवर येते. तेथे मॅट इमल्शन अधिक योग्य होय. पावसाचे झोत बहुधा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येत असल्याने कोकणात या भिंतींना ओल धरते. ओलीचा बंदोबस्त न करता दिलेला कोणताही रंग पापुद्रे धरून सुटतो, म्हणून तेथे रंगापूर्वी गिलाव्याची दुरुस्ती करणे क्रमप्राप्त ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शीत रंगांमुळे खोलीचे तापमान खाली येत नाही. येतो तो केवळ थंडाव्याचा भास. उष्णता बाहेरील भिंत, गच्ची व खिडकीतून आत येते. ती कमी करावयाची असल्यास गच्ची व बाह्य भिंती उजळ ठेवणे आणि खिडकीवर सावली करणे हाच उपाय होय.

परावर्तन आणि रंगमूल्य

खिडकीपासून दूर असलेल्या कोपऱ्यात पोहोचणारा प्रकाश मुख्यतः भिंती व छतावरून परावर्तित झालेला असतो. खोलीतील पृष्ठभागांचे सरासरी परावर्तन ०.६ वरून ०.४ वर आले, तर हा परावर्तित प्रकाश निम्म्याहून अधिक घटतो. रंग थोडासाच गडद केला असे वाटले तरी आतला कोपरा अंधारतो, तो यामुळे. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेत छतासाठी ०.७ ते ०.८ व भिंतींसाठी ०.५ ते ०.६ इतके परावर्तन सुचविले आहे. भारतीय मानक आयएस २४४० मध्ये ८००० लक्स इतका बाह्य प्रकाश गृहीत धरला असून त्यानुसार १ टक्का दिवाप्रकाश गुणक म्हणजे ८० लक्स होतात. हे मानक निरभ्र आकाशावर आधारलेले आहे, तर युरोपातील पारंपरिक गणिते ढगाळ आकाश गृहीत धरून केली जातात. प्रकाशाच्या मोजणीत हा भेद मान्य केला जातो. मग रंगनिवडीच्या अध्यापनातही तो मान्य होणे उचित ठरेल.

पारंपरिक घरांत ही जाण अनुभवातून आलेली होती. वाड्यातील माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीलाही दरवर्षी चुन्याचा हात दिला जाई आणि चुन्याचा पिवळटपणा मारण्यासाठी त्यात थोडी नीळ मिसळली जाई. पांढऱ्यातील सूक्ष्म छटेचे महत्त्व ओळखूनच ही रीत रूढ झाली होती.

वृद्धांच्या संदर्भात मूल्याचा प्रश्न सुरक्षिततेचा बनतो. वयाच्या साठीत डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश इतकाच उरतो आणि नेत्रभिंग पिवळसर झाल्याने निळ्या छटांतील भेद अस्पष्ट होतो. असे असूनही घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला अनेकदा आतील, अपुऱ्या उजेडाची खोली येते. तेथे भिंती उजळ आणि दाराची चौकट, उंबरठा व बटणांच्या पट्ट्या भिंतीहून स्पष्ट वेगळ्या मूल्याच्या असणे आवश्यक आहे. हेच तत्त्व महाविद्यालयातील वर्गखोल्या, ग्रंथालय व जिन्यांनाही लागू होते. भिंतींचा खालचा भाग मळू नये म्हणून गडद ऑइल पेंटचा उंच पट्टा देण्याची प्रथा आहे. परंतु अपुऱ्या खिडक्यांच्या वर्गात हा पट्टा जितका उंच, तितका मागील बाकांवरील उजेड कमी होतो.

दिशेपेक्षा समोरील परिसर

शहरी वस्तीत आणखी एक घटक निर्णायक ठरतो. दोन इमारतींमध्ये जेमतेम १० ते १५ फुटांचे अंतर असेल, तर खिडकीतून येणारा प्रकाश आकाशाचा कमी आणि समोरच्या भिंतीचा अधिक असतो. समोरची भिंत विटकरी असेल तर उत्तरेची खिडकीही तांबूस प्रकाश देते. समोर आंब्याचे झाड असेल तर प्रकाशात हिरवी झाक येते आणि त्यात अबोली रंग मळकट दिसतो. खिडकीला हिरवी वा तपकिरी काच असल्यास तीही प्रकाश गाळते. म्हणून दिशा पाहिल्यानंतर खिडकीसमोर काय आहे, हे पाहणे अपरिहार्य होय.

'दिशा' या शब्दाच्या वापरातही गोंधळ आढळतो. सदनिकांच्या जाहिरातीतील 'पूर्वाभिमुख' हा शब्द बहुधा मुख्य दरवाजासंबंधी असतो. वास्तुशास्त्रातील रंगांचे कोष्टक खोली घराच्या कोणत्या भागात आहे यावर आधारलेले असते. प्रकाशाच्या दृष्टीने मात्र खिडकीचे तोंड कोणीकडे आहे एवढेच महत्त्वाचे ठरते. ईशान्य कोपऱ्यातील खोलीची एकमेव खिडकी उत्तरेस असेल तर तेथील प्रकाश उत्तरेचाच असणार. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्याकडे ठेवून, अध्यापनात या तीन अर्थांची सरमिसळ होणार नाही याची दक्षता घ्यावयास हवी.

ऋतू आणि निवडीची वेळ

महाराष्ट्रात बहुसंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या आधी रंगकाम काढतात. त्या वेळी पावसाने धुतलेली स्वच्छ हवा, निळे आकाश आणि दक्षिणेकडे झुकू लागलेला सूर्य असतो. वर्षातील हा सर्वांत अनुकूल प्रकाश होय. याच प्रकाशात निवडलेला रंग पुढे जून ते सप्टेंबर या काळात ढगाळ, दिशाहीन उजेडात पाहावा लागतो. पावसाळ्यात चारही दिशांच्या खोल्यांतील फरक पुष्कळसा पुसला जातो व करड्या छटा उदास वाटू लागतात. कोकण व घाटमाथ्यावर हा काळ दीर्घ असल्याने तेथे किंचित उबदार पांढऱ्यास प्राधान्य द्यावे. विदर्भ व मराठवाड्यात प्रखर उन्हाचे दिवस अधिक असल्याने निवडीचा पल्ला अधिक मोठा राहतो.

निवडीची व्यवहार्य पद्धत

शेडकार्डावरील लहानशा तुकड्यावरून निर्णय घेणे धोक्याचे असते. भिंतींचा प्रकाश एकमेकींवर पडून रंगाची तीव्रता वाढते, त्यामुळे प्रत्यक्ष खोलीत तो रंग अधिक गडद वाटतो. म्हणून मनात असलेल्या छटेहून एक पायरी फिकट छटा घेणे हिताचे. त्यापुढील पायऱ्या अशा सांगता येतील :

१. होकायंत्राने खिडकीची दिशा निश्चित करावी. मोबाईलमधील होकायंत्र पुरेसे आहे. मात्र ते लोखंडी ग्रीलपासून दूर धरावे.
२. खोली दिवसाच्या कोणत्या वेळी व कोणत्या कामासाठी वापरली जाते, याची नोंद करावी.
३. सुमारे २ फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात देऊन भोवती पांढरी कड सोडावी. जुन्या भिंतीवर थेट नमुना लावल्यास जुन्या रंगाच्या सान्निध्यामुळे नजर फसते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ सालच्या ग्रंथात हा विरोधपरिणाम सविस्तर मांडला आहे.
४. हा नमुना खिडकीसमोरील भिंतीवर, बाजूच्या भिंतीवर आणि खिडकी असलेल्या भिंतीवर ठेवून पाहावा. खिडकीची भिंत नेहमीच सर्वांत अंधारी भासते. तिला सर्वांत उजळ छटा द्यावी.
५. सकाळी, भर दुपारी, सायंकाळी आणि रात्री दिव्याखाली, अशा चार वेळी निरीक्षण करावे. २७०० केल्विनच्या पिवळसर एलईडी दिव्याखाली व ६५०० केल्विनच्या शुभ्र दिव्याखाली एकच रंग भिन्न दिसतो. म्हणून रंग व दिवा यांची निवड एकत्रच करावी.
६. शंका असल्यास छत पांढरे ठेवावे आणि आवडीचा गडद रंग सर्वाधिक प्रकाश मिळणाऱ्या एकाच भिंतीपुरता मर्यादित ठेवावा.

या पद्धतीस पुठ्ठा, थोडा रंग आणि दोन दिवसांचा अवधी एवढेच लागते. रंगारी कामावर येण्यापूर्वी हे दोन दिवस राखून ठेवले तर पुढील काही वर्षांची गैरसोय टळते.

निष्कर्ष

१. भिंतीचा रंग कसा दिसेल हे प्रकाशावर अवलंबून असल्याने रंगनिवडीचा प्रारंभ शेडकार्डापासून न होता खिडकीपासून व्हावयास हवा.
२. 'उत्तरेस उष्ण, दक्षिणेस शीत' हा नियम महाराष्ट्राच्या अक्षांशावर सौम्य स्वरूपातच लागू पडतो. येथे खरा भेद पश्चिम व अन्य दिशा यांच्यात आणि पावसाळा व अन्य ऋतू यांच्यात आहे.
३. अपुऱ्या प्रकाशाच्या खोलीत रंगाच्या नावापेक्षा रंगाचे मूल्य अधिक महत्त्वाचे ठरते. वृद्ध व विद्यार्थी यांच्यासाठी तर ते विशेष महत्त्वाचे आहे.
४. दाट वस्तीत खिडकीसमोरील परिसर दिशेइतकाच, प्रसंगी दिशेहून अधिक प्रभावी असतो.

गृहअर्थशास्त्र, भूगोल आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांना हा विषय स्पर्श करतो. महाविद्यालयाच्या इमारतीतच चारही दिशांच्या खोल्या उपलब्ध असतात. एकच रंगाचा पुठ्ठा या खोल्यांत जून, ऑक्टोबर, डिसेंबर व एप्रिलमध्ये ठेवून विद्यार्थ्यांकडून नोंदी करून घेतल्यास पाठ्यपुस्तकातील नियम आपल्या भूमीवर पडताळून पाहता येईल, आणि इमारतीचे पुढील रंगकाम ठरविताना त्या नोंदी संस्थेच्याही उपयोगी पडतील.